नारळी पुनवेचं कुलूप

एक

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वेसाव्याच्या खाडीकाठी, तुळशीदास नाखव्याच्या जाळ्यांच्या दुकानात, त्याचा रखवालदार सहदेव मेलेला सापडला. डोकं मागून फुटलेलं, अंगावरची खाकी ओलीचिंब. दाराबाहेर चेचलेलं कुलूप पडलेलं आणि कुलपाशेजारी पहार. पहार कोणाची हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. लहू मिस्त्री आपल्या सगळ्या हत्यारांना हिरवा रंग फासून ठेवायचा, हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यात आदल्याच दिवशी लहूने भर चौकात तुळशीदासला, म्हणजे आपल्या सख्ख्या मामाला, 'तुझं दुकान बुडवीन' म्हणून सुनावलेलं. पोलिसांना आणखी काय हवं? दुपारच्या आत लहू कोठडीत गेला.

शिवदास केळुसकर तिथे पोचला तो आठवड्याने, आणि तोही खुनासाठी नव्हे. तो विम्याचा सर्व्हेअर. कुठे आग लागली, कुठे चोरी झाली की कंपनी त्याला पाठवायची, आणि नुकसान खरं किती नि खोटं किती हे तो बघून यायचा. राहायला पार्ल्याला, वय पन्नाशीचं. मधुमेहाने गोड बंद झाल्यापासून त्याचं बोलणंही कडू झालंय, असं त्याची बायको म्हणायची. ते खोटं नव्हतं.

चौकीपाशी त्याने स्कूटर लावली, तर एक तरुण बाई समोर येऊन उभी राहिली. डोक्यावर मासळीची पाटी, डोळे सुजलेले.

"विम्याचे सायेब तुमीच ना? मी जया. लहूची बायको."

"बाई, खुनाचं पोलीस बघतात. मी कुलूप बघायला आलोय."

"मग कुलूपच नीट बघा," जया म्हणाली. "माज्या नवऱ्यानं फोडलं नाय ते. मामांनी मजुरी दिली नाय म्हणून भांडला, हां. पन त्याची पहार कामाच्या दिवसापासून दुकानातच ऱ्हायली होती. त्याला फासावर देतील हो!"

शिवदासला असल्या बायकांची सवय होती. नुसती मान हलवून तो चौकीत शिरला.

आत फौजदाराने कुलूप टेबलावर ठेवलं. चांगलं जाड पितळी कुलूप, चेचून चेचून त्याचा लगदा केलेला. "बघा तुमचं. पुढच्या आठवड्यात कागद कोर्टात जातायत. केस एकदम चोख आहे."

"मला फक्त एवढंच बघायचंय की आत शिरताना जबरदस्ती झाली का," शिवदास म्हणाला. "घरफोडीच्या विम्याची ती पहिली अट. दार उघडं टाकलं नि माल गेला, तर कंपनी हात जोडते."

"ह्याच्यापेक्षा जास्त जबरदस्ती कसली हवी तुम्हाला?" फौजदार हसला.

शिवदासलाही तसंच वाटलं होतं. दुकानाशी जाऊन, कुलूप ज्याच्यात अडकवायचं तो कोयंडा त्याने हाताने चाचपून बघेपर्यंत. लाकूड जुनं, कोयंडा जुना, त्यावर तेलाचा हात फिरलेला. पहारीने कुलूप चेचलं तर कोयंडा वाकेल, निदान दाराला खोक तरी पडेल. इथे एक ओरखडासुद्धा नव्हता.

दोन

कुलूप दारावर फोडलंच नव्हतं. आधी ते किल्लीने उघडलं आणि मग दगडावर ठेवून चेचलं. हे कळल्यावर शिवदासने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. सरळ आत गेला.

दुकान म्हणजे एक लांबट, अंधारी खोली. दाराचं एकच जाड कवाड, आत उघडणारं. ते भिंतीला टेकवून पुढे डिझेलचं पिंप लावून ठेवलेलं. भिंतीला लागून लाकडी फळ्या. वरच्या फळ्यांवर नायलॉनची जाळी, दोर, बुचं, होडीच्या पंख्याची पाती अशी गच्च रचलेली की छताला लागतील. खालच्या दोन फळ्या मात्र साफ रिकाम्या. मागच्या भिंतीला उंचावर गजांचा एक झरोका आणि त्याच्याखाली होड्यांचे नांगर पडलेले. भिंतींना खाली गुडघ्याइतका ताजा चुना मारलेला, त्याच्या वर जुनाच मळका रंग.

"चुना कशाला मारलात?" त्याने विचारलं.

"रगात उडलं होतं," तुळशीदास म्हणाला. धिप्पाड गडी, पण आठवड्यात अंगातलं वारं गेल्यासारखा झालेला. डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. "चोरांनी खालच्या फळ्यांवरची जाळी नेली. नवी होती सगळी."

"आणि सहदेव?"

"बाहेर ओट्यावर झोपायचा. तितंच मारला असंल त्याला. मग आत वडत आनला. पावसात भिजला होता."

शिवदासने खाली वाकून नांगर बघितले. सगळ्यांवर गंज आणि धूळ. एकच, झरोक्याच्या अगदी खालचा, घासूनपुसून लख्ख केलेला.

"किल्ली कोणाकडे असते?"

नवऱ्याच्या मागे उभी असलेली अंजनाबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. ठसठशीत बाई, कपाळाला आडवं कुंकू. कमरेला चांदीचा आकडा आणि त्यात किल्ल्यांचा जुडगा. "आमच्यात किल्ली बाईच्या कमरंला. मासळी इकायची आमी, पैसा बगायचा आमी. पुरुषाचा काय, तो दर्यावर. दुकान मीच लावतंय आनि मीच उगडतंय."

"दुसरी किल्ली?"

"दिराकडं. चंदूकडं."

चंदू बाहेर होडीला डांबर लावत होता. सव्वीस-सत्तावीसचा, बेफिकीर. सरळच म्हणाला, "माझ्यावर डाऊट नको घेऊ साहेब. पुनवेला सोन्याचा नारळ घेऊन मीच पुढं नाचत होतो. मग देवळापुढं बँड लागला तो फुल रात्र. मी एवढा प्यायलो की चौघांनी उचलून घरात टाकला. विचार कुणालाही. किल्ली गळ्यातल्या गंड्यात आहे, ही बघ. अख्खा गाव देवळापुढं होता, खाडीच्या अंगाला कुत्रं पण नव्हतं."

"बँडचा आवाज इथवर येत असेल?"

"इथवर? अरे, लाउडस्पीकर होते! कानाचं कानाला ऐकू येत नव्हतं."

शिवदासने गावात चार ठिकाणी विचारलं. चंदू खरं बोलत होता. मग किल्ली उरली एकाच कमरेला. नवराबायकोने विम्याच्या पैशांसाठी स्वतःचंच दुकान फोडलं, रखवालदाराने ते बघितलं आणि त्याचा जीव गेला. गणित सरळ होतं. शिवदासने अशी माणसं बघितली होती, आणि त्यांची त्याला शिसारी येत असे. त्या संध्याकाळी त्याने अहवालाची पहिली दोन वाक्यं मनातल्या मनात लिहूनसुद्धा टाकली.

दुसऱ्या दिवशी विमा एजंटने ती पुसायला लावली.

तीन

नंदकिशोर अंधेरी स्टेशनाबाहेरच्या इराण्याकडे भेटला. नवी सफारी, बगलेत चामड्याची बॅग. तोंडात अखंड साखर. असा माणूस समोर आला की शिवदासला आपला आजार आठवायचा.

"तुळशीदास? एकदम साधा माणूस हो. पण कंजूष! मी किती समजावलं. म्हटलं, नाखवा, दुकान खाडीकाठी आहे, पुराचं, समुद्राच्या पाण्याचं जादा कव्हर घ्या. थोडा हप्ता वाढेल, पण रात्री झोप लागेल. तर म्हणतो, दर्या आमचा बाप, बापाच्या विरुद्ध विमा कसा काढू?"

"म्हणजे समुद्राच्या पाण्याने माल गेला तर एक पैसा मिळणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं."

"मी घोकून घेतलं होतं त्याच्याकडून! आणि दुसरं सांगितलं, रखवालदार ठेवलाय ना, मग त्याचीही पॉलिसी घ्या. कामावर असताना माणसाला काही झालं तर भरपाई मालकाच्या डोक्यावर बसते. कायदाच आहे. पॉलिसी असली तर ते ओझं कंपनी उचलते. तर म्हणतो, तो कुठे नोकर आहे? गिरण्यांच्या संपात उघड्यावर पडलेला माणूस. रात्रीचा आसरा दिला, वर चार पैसे देतो."

"चार पैसे दिले म्हणजे नोकर झाला," शिवदास म्हणाला.

"तेच तर! पण ऐकतो कोण? मालाचा विमा काढला, माणसाचा नाही." नंदकिशोरने मस्का-पाव चहात बुडवला. "काय आहे साहेब, छोटा धंदेवाला पॉलिसी घेतो आणि देवाच्या फोटोमागे ठेवतो. वाचत नाही. वाईट घडलं की मग आपल्याला विचारतो, ह्यात काय काय येतं हो?"

"ह्या वेळी काय विचारलं?"

नंदकिशोरने तो पाव तसाच बशीत ठेवला. "तीच गंमत. काहीच नाही विचारलं. मीच बातमी ऐकून फॉर्म घेऊन गेलो, तर नको म्हणाला. माणूस मेला आहे, मना पैसे नको, म्हणाला. मी म्हटलं, अहो, चोरी झाली आणि क्लेम नाही केलात, तर पोलीसच विचारतील की का नाही केला? तेव्हा कुठे अंगठा उठवला. अक्षरशः घाम फुटला होता त्याला."

शिवदासचा चहा निवून गेला. त्याचं सगळं गणित पैशावर उभं होतं, आणि इथे तर माणूस पैशापासून पळत होता. ज्याला विमा नको, तो स्वतःचं कुलूप कशाला फोडेल?

चार

कांजूरमार्गला स्टेशनापासून आत, कचऱ्याच्या ढिगांच्या वासात, पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. त्यात सहदेवची विधवा, जानकी, राहत होती. काम तसं शिवदासचं नव्हतं. मेलेल्याची बायको क्लेमच्या कागदात कुठेच येत नव्हती. पण ती कुठेच येत नाही, हीच गोष्ट त्याला रात्रभर टोचत होती.

जानकी दारात बसून दुसऱ्याचे तांदूळ निवडत होती. त्याने ओळख सांगितल्यावर तिने पदर सारखा केला आणि पाणी दिलं.

"आमास्नी काय मिळायचं हाय का, सायेब?"

"विमा मालाचा होता," शिवदास म्हणाला. हे वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला स्वतःचाच राग आला. "पण कायद्याने मालकाकडून मिळतं. मी सांगेन कुठे अर्ज करायचा ते. सहदेव मूळचे कुठले?"

"पोलादपूरच्या वरचं गाव. पार डोंगरात. कोकणातलं म्हनलं की लोकास्नी वाटतं दर्याकाठचं. ह्यांनी कुठला दर्या बघितला? गिरणीत वीस वरसं काढली, पर चौपाटीला बी गेलं नव्हतं कदी. ह्या नोकरीवर गेलं तर म्हनायचं, रातभर पाण्याचा आवाज येतो गं, छातीत धडधडतं."

"त्यांचं काही सामान आलं का परत?"

तिने आतून गाठोडं आणलं. एक सतरंजी, एक पिशवी, आणि डालड्याचा झाकणवाला डबा. शिवदासने सतरंजी उलगडली. पापडासारखी कडक झालेली, घडीवर मोडतेय की काय असं वाटावं. तिच्यावर पांढुरकी भुकटी. पावसात भिजून वाळलेलं कापड असं होत नाही. त्याने बोट लावून जिभेला टेकवलं. खारट.

"हा डबा कसला?"

जानकीने मान खाली घातली. मग तांदळात बोटं फिरवत हळूच म्हणाली, "रातचं लघवीला ठेवायचं."

शिवदास डब्याकडे बघत राहिला. उघड्या ओट्यावर, खाडीच्या काठी झोपणारा पुरुष. रात्री उठला तर समोर सगळी खाडी पडलेली. त्याला डबा कशाला लागेल?

पाच

लागेल, जर त्याला बाहेर पडता येत नसेल तर.

शिवदास तडक चौकीवर गेला आणि फौजदाराला म्हणाला, "माझ्याबरोबर दुकानात चला. दहा मिनिटं. चुकलो तर माझं नाव बदला." फौजदार कुरकुरला, पण उठला. मासळी विकून परत येणारी जया वाटेत दिसली, तीही न बोलावता मागे निघाली. दुकानाच्या बोळाशी शिवदास थांबला.

"जया, उधाणाला पाणी इथे येतं का गं?"

"येतं की."

"नारळी पुनवेला आलं होतं?"

"दर वरसाला येतं. मध्यरातीच्या भरतीला गुडघाभर चढतं, मग वसरतं. पहाटंला चिखल नुसता."

"मग हे इतक्या दिवसांत मला कुणी सांगितलं का नाही?"

जयाला प्रश्नच कळला नाही. "ह्यात काय सांगायचं? दर्या हाय, येनारच."

फौजदार घाटावरचा, बदली होऊन आलेला. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

दुकानात तुळशीदास आणि अंजनाबाई दोघंही होती. शिवदासने नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "नाखवा, हे पिंप हलवा आणि दार लावून घ्या."

"दार? कशाला? अंधार होईल."

"बॅटरी आहे माझ्याकडे. लावा."

तुळशीदास जागचा हलला नाही. अंजनाबाईचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला आणि तिथेच राहिला. शेवटी फौजदारानेच पिंप पायाने सरकवलं आणि भिंतीला टेकलेलं ते जड कवाड ओढून लावलं. आठवडाभर हे दार उघडंच होतं. पंचनामाही उघड्या दारातच झाला होता. त्याची आतली बाजू कुणीही बघितली नव्हती.

शिवदासने बॅटरी मारली.

दाराच्या आतल्या बाजूला, कोयंड्याच्या उंचीवर, लाकडाच्या ढलप्या निघालेल्या होत्या. पहारीचं टोक घुसवून घुसवून केलेली भोकं, एकाशेजारी एक, आणि काही ठिकाणी पहार निसटून खाली गेलेले लांब ओरखडे. त्यात हिरव्या रंगाचे कण अडकले होते.

जयाने तोंडावर हात घेतला. "आगो बय! आतून?"

सहा

"आतून," शिवदास म्हणाला. "चोर बाहेरून फोडतो. आतून फोडतो तो कोंडलेला माणूस." त्याचा आवाज चढला होता आणि त्याला तो आवरायचाही नव्हता. "फौजदारसाहेब, इथे चोर आलाच नाही. रोज रात्री सहदेवला आत घालून बाहेरून कुलूप लावत होते. म्हणून त्याच्याजवळ तो डबा. पुनवेच्या रात्री पाणी आत आलं, म्हणून भिंतीला गुडघ्याइतकाच चुना. रक्त काय पट्टी लावून उडतं? सतरंजीत मीठ आहे, पावसाचं पाणी खारट नसतं. बाहेर ओट्यावर असता, तर चार पावलं चढून वरच्या आळीत गेला असता. तो आत होता म्हणून अडकला. लहूची पहार इथेच पडली होती, तिने दार उचकटायला बघितलं. जमलं नाही. मग त्या झरोक्याकडे चढला."

त्याने बॅटरी वर केली. झरोक्याच्या गजात खाकी कापडाची एक चिंधी अडकलेली होती.

"तिथून घसरला तो ह्या नांगरावर. सगळे नांगर गंजलेले, हा एकच घासलाय कोणी?"

"आणि चोरीला गेलेला माल?" फौजदाराने विचारलं.

"खालच्या फळ्यांवरचा म्हणे. पण खालच्या फळ्यांवर त्या रात्री माल नव्हताच. उधाण येणार हे ह्यांना ठाऊक होतं, समुद्राच्या पाण्याचा विमा नाही हेही ठाऊक होतं. म्हणून संध्याकाळीच सगळा माल वर चढवला. बघा ना, वर कसा छतापर्यंत गच्च आहे. चोराला न्यायला खाली ठेवलं होतं काय?"

"चोरी वाटावी म्हनून वरची थोडी जाळी माज्या होडीवर नेऊन टाकली," तुळशीदास म्हणाला. "पहाटंला अंजनाची किल्ली घेऊन आलो तवा ह्यो पडलेला. मना सुचेना. बाहेरनं कुलूप घालून मानूस मारला म्हनतील, अंजनाला नेतील, असा वाटला. नांगर घासला, भुईचा चिखल धुतला, कुलूप दगडावर ठेवला नि चेचला. हाताला लागली ती पहार घेतली. अंधारात हिरवा रंग बगितलाच नाय मी."

"आनि उजाडल्यावर?" जया म्हणाली. ती ओरडली नाही, त्यामुळे जास्तच लागलं. "उजाडल्यावर तर दिसला ना, मामा? माज्या नवऱ्याला बेड्या घातल्या तवा तुमी हितंच उबे होता. सख्ख्या बहिनीचा पोर तुमच्या!"

तुळशीदासने मान वर केली नाही. नव्वद कोसांवरचं वादळ ओळखणारा नाखवा, पण भाच्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

मग अंजनाबाईने कमरेचा आकडा सोडला. किल्ल्यांचा जुडगा फौजदाराच्या हातात दिला.

"ह्यांना सोडा. कुलूप मी लावला," ती म्हणाली. "आदीचा रखवालदार माल इकून पळाला, तवापासून मी बाहेरनंच लावतंय. त्या रातीला सहदेवनंच सगळा माल वर चढवून दिला. एकेक गठ्ठा मी मोजून घेतला. नाच सुरू झालेला, मना घाई. तो म्हनला, बाय, पानी येनार म्हनता, मग मी कुठं बसू? मी म्हनली, अरे, गुडघाभर तर येतं. बस फळीवर पाय वर घेऊन, मध्यरातीला वसरंल. आमची पोरा तर त्यात खेळतात. कोकनातला मानूस, दर्या मी काय शिकवायची त्याला?"

खालच्या दोन्ही फळ्या गुडघ्याच्याही खाली, त्या पाण्यातच गेलेल्या. शिवदासने वर बघितलं. ज्या फळीवर त्याने पाय वर घेऊन बसायचं होतं, तिच्यावर माणसाला टेकायला वीतभर जागा नव्हती. ती सहदेवने स्वतःच माल रचून भरली होती.

"बाई," तो म्हणाला, "ह्या नोकरीवर येईपर्यंत त्याने जन्मात समुद्र बघितला नव्हता. डोंगरातला होता तो. अंधारात पायाशी पाणी चढतंय, दार बंद, बाहेर बँड. पाणी गुडघ्याशी थांबतं हे तिथे, त्या वेळी त्याला कोण सांगणार होतं?"

"मी सांगितला ना," अंजनाबाई म्हणाली, आणि मग तिचं तिलाच ऐकू गेलं बहुतेक. ती दाराच्या त्या ढलप्यांकडे बघत राहिली. तिने एका भोकावर बोट ठेवलं. मग जो हंबरडा फोडला, तो बोळाच्या टोकापर्यंत ऐकू गेला आणि होड्यांवरची माणसं धावत आली.

फौजदाराने दोघांनाही नेलं. जाता जाता शिवदासला म्हणाला, "खून नाही म्हणायचा मग. कोंडून ठेवणं, निष्काळजीपणाने मृत्यू, पुरावा बदलणं. वकील सोडवेलही लवकर."

"सोडवू दे," शिवदास म्हणाला. "पण जानकीची भरपाई ह्या दुकानातून वसूल होईल. तो कामावर मेला. विमा नाही म्हणून कायदा बुडत नाही." क्लेम त्याने नामंजूर केला. सही करताना आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, की पॉलिसीत जे लिहिलेलं असतं त्यापेक्षा न लिहिलेलंच माणसाला जास्त महाग पडतं.

लहू दोन दिवसांनी सुटला. मामाच्या घरावरून जाताना थुंकला आणि पुढे जाऊन ढसाढसा रडला.

त्याच आठवड्यात जानकी आली. भरपाईच्या अर्जासाठी जागा बघायला हवी म्हणून शिवदासच तिला घेऊन आला होता. दुकानाला पोलिसांचं सील होतं. आत जाता येत नव्हतं म्हणून ती बोळातच उभी राहिली आणि खाडीकडे बघत राहिली. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलं होतं आणि चिखलात पोरं खेकडे धरत होती.

जया पुढे आली. तिने जानकीचा हात धरला.

"पानी कुठवर आलं व्हतं?" जानकीने विचारलं.

जयाने वाकून स्वतःच्या गुडघ्याला हात लावून दाखवला. जानकीने तिच्या हाताकडे बघितलं. मग लुगडं जरा उचलून आपल्याच गुडघ्याकडे बघितलं, आणि तिथे हात ठेवून पुन्हा खात्री केली.

"एवढंच?" ती म्हणाली.